मिठी नदी आजच्या परळमधून वाहत नाही, तरी तिची गोष्ट परळपासूनच सुरू करावी लागते

पावसाळा लागला की मुंबईकरांच्या मोबाईलवर दोन व्हिडिओ ठरलेले असतात. पहिला हिंदमाताचा. गुडघाभर पाण्यातून ढकलत नेलेल्या टॅक्स्या, मध्येच बंद पडलेली बस, दुकानाचं शटर अर्धं ओढून आत वाकून बघणारा दुकानदार. दुसरा मिठी नदीचा. कुर्ल्याच्या पुलाखालून काळंभोर पाणी भरधाव चाललेलं आणि खाली कॅप्शन, ‘मिठीनं धोक्याची पातळी गाठली.’

कमेंटमध्ये मात्र या दोन्हींची सरमिसळ होते. मिठी भरली म्हणून परळ बुडालं, असं कुणीतरी लिहितं आणि ते फॉरवर्ड होत राहतं.

नकाशा उघडून बघितला तर लक्षात येतं की मिठी आजच्या परळमधून वाहतच नाही. ती पवईकडून येते आणि कुर्ला, बीकेसी, धारावी करत माहीमला समुद्रात जाते. परळ तिथून बरंच दक्षिणेला. परळच काय, कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या मूळ मुंबई शहरात आज एकही नदी नाही. मिठी, दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या मुंबईच्या चारही नद्या उपनगरातल्या.

तरीही हिंदमाता आणि मिठी यांचं दुखणं एकच आहे. समुद्राला भरती असताना पाऊस पडला, तर पावसाच्या पाण्याला थांबायला जागा लागते. परळच्या आसपासची अशी जागा अडीचशे वर्षांपूर्वीपासून बुजत गेली. मिठीच्या काठची जागा आपल्या आजोबा-वडिलांच्या आणि आपल्या डोळ्यांदेखत गेली. म्हणून मिठीचं पुढं काय होऊ शकतं हे समजून घ्यायचं असेल, तर आधी परळ बघावं लागतं.

परळ हे एक बेट होतं

मुंबई सात बेटांची, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. यातलं परळ बेट म्हणजे आज आपण परळ म्हणतो तेवढाच भाग नव्हता. उत्तरेकडं ते माटुंगा, धारावी आणि शीवपर्यंत पसरलेलं होतं. म्हणजे परळ बेटाचं उत्तर टोक थेट माहीमच्या खाडीला, पर्यायानं मिठीच्या मुखाला टेकलेलं होतं. आजचं परळ नदीपासून लांब असलं तरी जुनं परळ बेट नदीच्या काठावरच होतं.

या बेटांच्या मधे खोल समुद्र नव्हता. मधे होत्या खाड्या, खाजण आणि चिखलाचे सपाट पट्टे. भरतीला पाणी आत यायचं, ओहोटीला निघून जायचं. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून समुद्राचं पाणी आत शिरायचं आणि पार भायखळ्याच्या बाजूपर्यंत पसरायचं. पायधुणी या नावामागं खाडी ओलांडून आलेले लोक तिथं पाय धुवायचे, अशी गोष्ट सांगितली जाते. उमरखाडी या नावात तर खाडी सरळच दिसते.

इंग्रजांना ही दलदल नको होती. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना महालक्ष्मी-वरळीचं खिंडार बांध घालून बंद करण्याचं काम झालं. हाच तो १७८४ च्या सुमारास पुरा झालेला हॉर्नबी वेलार्ड. समुद्र बाहेर राहिला, आतली जमीन उघडी पडली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत भराव टाकून ती शहराला जोडली गेली. त्यावर रस्ते आले, रेल्वे आली, गिरण्या आल्या, चाळी आल्या.

पण भराव टाकून जमीन कोरडी झाली तरी ती उंच झाली असं नाही. हिंदमाता सिनेमाच्या नावानं ओळखला जाणारा दादर-परळमधला चौक बशीसारखा खोलगट आहे. चहूबाजूंचं पाणी तिथं उतरतं. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांनी ते समुद्रात सोडायचं, पण शहरातल्या अशा कित्येक वाहिन्यांची तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरतीच्या वेळी बाहेरचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा उंच असतं. अशा वेळी पाणी जाणार कुठं? ते चौकातच उभं राहतं.

हा चौक परळच्या रुग्णालयांच्या वाटेवर आहे. केईएम, टाटा, वाडिया इथं अख्ख्या महाराष्ट्रातून पेशंट येतात. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात केईएमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं होतं. त्याच दिवशी जवळच एल्फिन्स्टन रोड परिसरात तुंबलेल्या पाण्यातून घरी चाललेले एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. पाणी तुंबणं म्हणजे ऑफिसला उशीर, एवढाच हा विषय नाही.

मिठी येते कुठून, जाते कुठं?

आता नदीकडं येऊ. मिठी ही जेमतेम १८ किलोमीटरची नदी. गोदावरी किंवा कृष्णेसमोर तिला ओढा म्हणावं लागेल. पण कोकण किनाऱ्यावरच्या नद्या अशाच असतात. डोंगर समुद्राच्या जवळ, त्यामुळं नदी छोटी, उतार आधी तीव्र आणि शेवटी एकदम सपाट, आणि मुखाशी खाडी.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांवरचं पाणी विहार तलावात उतरतं. विहार भरून वाहू लागला की ते पाणी मिठीत येतं. थोडं खाली पवई तलावाच्या सांडव्याचं पाणी तिला मिळतं. मग पवई, साकीनाका, विमानतळाचा परिसर, कुर्ला, कलिना, बीकेसी, धारावी आणि शेवटी माहीमची खाडी. वाटेत वाकोला नाल्यासारखे मोठे नाले तिला येऊन मिळतात.

सुमारे ७,३०० हेक्टर जमिनीवर पडणारं पावसाचं पाणी शेवटी या एका नदीत येतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

नदीच्या नावाचीही एक गंमत आहे. हिंदीत मीठी म्हणजे गोड. मराठीत मिठी म्हणजे कवेत घेणं. आणि मीठ म्हटलं तर थेट खारं पाणी. नदी वरच्या भागात गोड्या पाण्याची आणि शेवटच्या भागात भरतीच्या खाऱ्या पाण्याची, त्यामुळं कोणताही अर्थ घेतला तरी तो कुठं ना कुठं लागू पडतो.

एकेकाळी ही नदी सरहद्द होती

आज बांद्र्याहून माहीमला जाताना आपण एक हद्द ओलांडतो, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण शंभरहून अधिक वर्षं माहीमची खाडी ही दोन सत्तांमधली सीमा होती.

१६६१ च्या विवाहाच्या तहानं पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली. १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडं आली. पण खाडीपलीकडचं वांद्रे आणि सगळी साष्टी पोर्तुगीजांकडंच राहिली. म्हणजे खाडीच्या दक्षिणेला इंग्रज, उत्तरेला पोर्तुगीज. वांद्र्याचा किल्ला पोर्तुगीजांचा, समोर माहीमचा किल्ला इंग्रजांचा.

१७३७ मध्ये चिमाजी अप्पांनी साष्टीची मोहीम काढली, ठाणं घेतलं आणि १७३९ मध्ये वसईही पडली. आता खाडीच्या उत्तर काठावर मराठे आले. मुंबईतल्या इंग्रजांची काय अवस्था झाली असेल, याचा एक दगडी पुरावा आजही उभा आहे. धारावीत मिठीच्या काठाजवळ एक छोटा किल्ला आहे, लोक त्याला काळा किल्ला म्हणतात. कागदोपत्री रिवा किल्ला. त्यावरच्या शिलालेखात गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकुमानं १७३७ मध्ये बांधल्याची नोंद आहे. म्हणजे ज्या वर्षी मराठे साष्टीत उतरले, त्याच वर्षी.

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानं ती त्यांच्याकडं कायम झाली. खाडी सरहद्द राहिली नाही. आणि सरहद्द राहिली नाही म्हटल्यावर ती ओलांडायची सोय हवी होती.

पाण्यावर रस्ते आले

त्या काळी माहीमची खाडी शीवच्या बाजूनं पूर्वेकडच्या खाडीशी दलदलीच्या पट्ट्यांनी जोडलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर डंकनच्या काळात शीव आणि कुर्ल्याच्या मधे कॉजवे बांधला गेला. बैलगाड्यांची सोय झाली, पण पाण्याच्या वाटेत पहिला मोठा बांध आला.

माहीम आणि वांद्र्याच्या मधे मात्र अजून होडीच होती. इथं कॉजवे व्हावा म्हणून पैसे पुढं केले ते सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी. त्यांनी दिलेल्या सुमारे १ लाख ५७ हजार रुपयांतून माहीमचा कॉजवे उभा राहिला आणि १८४५ मध्ये खुला झाला. दादरहून माहीमकडं जाणाऱ्या रस्त्याला लेडी जमशेटजी रोड हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. पुढं रेल्वेनंही खाडी ओलांडली.

कॉजवे म्हणजे आजच्यासारखा खांबांवरचा मोकळा पूल नव्हे. त्यात बराच भाग भरावाचा असतो आणि पाण्याला जायला मोजक्याच मोऱ्या. प्रत्येक बांधागणिक पाण्याची वाट थोडी अरुंद होत गेली.

दुसरीकडं नदीचा उगमही अडवला गेला. मुंबईत पिण्याच्या पाण्याची टंचाई इतकी वाढली होती की १८५६ मध्ये विहारचं धरण बांधायला घेतलं आणि १८६० च्या सुमारास शहराला नळाचं पाणी मिळू लागलं. मुंबईच्या नळाचं पहिलं पाणी म्हणजे मिठीच्या खोऱ्याचं पाणी. पुढं १८७९ मध्ये तुळशी आणि १८९१ मध्ये पवई तलाव झाले. पवईचं पाणी पिण्याच्या लायकीचं ठरलं नाही, ते उद्योगधंद्यांसारख्या इतर कामांकडं वळलं.

या तलावांनी शहराची तहान भागवली, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा एक परिणाम नदीवर झाला. वरचं स्वच्छ पाणी तलावात अडलं. पावसाळा सोडून बाकीचे महिने मिठीत डोंगरावरून येणारं पाणी फारसं उरलं नाही. त्या रिकाम्या पात्रात नंतर आलं ते शहराचं सांडपाणी. आपण मिठीला नाला समजतो, त्याची सुरुवात इथं आहे.

भरतीचं गणित

मिठीचा पूर समजायचा असेल तर कोळ्यांचे दोन शब्द माहीत हवेत. उधाण आणि भांग.

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांच्या वर थोडी मिनिटं जातात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमाराला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि भरती सगळ्यात मोठी होते. ते उधाण. अष्टमीच्या आसपास ही ओढ काटकोनात असते, तेव्हा भरती लहान. तो भांग. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. पावसाळ्यात पालिका ‘आज अमुक वाजता इतक्या मीटरची भरती’ असं जाहीर करते, ते याचसाठी.

भरती आली की समुद्राचं पाणी माहीमच्या खाडीतून उलटं वर चढतं. बीकेसी, कुर्ल्याच्या परिसरापर्यंत त्याचा परिणाम जाणवतो. वरून पावसाचं पाणी खाली येतंय आणि खालून समुद्र वर येतोय. दोघं मधेच भेटतात.

अशा वेळी नदी काय करते? ती बाजूला पसरते. खाडीकाठची खारफुटी, खाजण, मिठागरं, दलदल हीच तिची थांबायची जागा. तिथं पाणी पाच-सहा तास पसरून बसतं आणि ओहोटी लागली की समुद्रात निघून जातं. कुणाच्या घरात जात नाही. गाडी सिग्नलला थांबते तसं.

म्हणून खाजणाची जमीन पडीक नसते. पाच-सहा तासांचं पाणी पोटात ठेवायचं काम ती करत असते. फक्त ते काम तिनं केलं नाही की मगच दिसतं.

ही जागा गेली कुठं?

मिठीच्या बाबतीत ही जागा एका दिवसात गेली नाही आणि एकट्या कुणी घेतली नाही.

विमानतळ वाढला तेव्हा नदी धावपट्टीच्या आड येत होती. मग नदीलाच वळवलं गेलं. आज मिठी या भागात जवळपास काटकोनात वळते आणि धावपट्टीखालून जाते. वाहत्या पाण्याला काटकोन मानवत नाही. वेग मोडतो, गाळ बसतो, पाणी मागं चढतं.

वांद्रे-कुर्ला संकुल ज्या जागेवर उभं आहे, ती बहुतेक मिठी आणि वाकोला नाल्याच्या काठची दलदल होती. दक्षिण मुंबईतली गर्दी कमी व्हावी म्हणून १९७० च्या दशकात इथं नवं व्यापारी केंद्र उभारायचं ठरलं. हेतू चुकीचा नव्हता. पण भराव टाकला गेला तो नेमका नदीच्या पसरायच्या जागेवर. खाली माहीमच्या उपसागरात वांद्रे रेक्लमेशनचा भराव आधीच पडला होता.

धारावीच्या बाजूला नदीकाठी शहराचा कचरा टाकला जायचा. १९७० च्या दशकात तो बंद झाला आणि त्याच कचऱ्याच्या ढिगावर माती टाकून, झाडं लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं. ते १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मिठीच्या काठावर काही चांगलं घडल्याचं हे मोजक्या उदाहरणांपैकी एक.

आणि काठावरच्या झोपड्या. साकीनाका, कुर्ला, धारावीत कारखान्यांत, भंगाराच्या गाळ्यांत, चामड्याच्या धंद्यात काम करणाऱ्यांना शहरानं घर दिलं नाही. मोकळी दिसणारी जमीन नदीकाठची होती. लोक तिथं राहिले. पिंपं धुतलेलं तेलकट पाणी, गोठ्यांचं शेण, प्लास्टिक आणि अख्ख्या वस्त्यांचा मैला नदीत जात राहिला. अतिक्रमण म्हटलं की बोट या झोपड्यांकडं जातं, पण नदीची जागा व्यापणाऱ्यांत धावपट्टी आणि काचेच्या इमारतीही आहेत. पूर आला की घर सोडायची वेळ मात्र झोपडीवाल्यावर येते.

२६ जुलै २००५

मग तो दिवस आला.

सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्यात पाऊस होता अवघा ७० ते ७५ मिलिमीटर. एकाच शहरात दोन टोकांना इतका फरक. म्हणजे सगळा मारा झाला तो उपनगरांवर, मिठीच्या खोऱ्याच्या आसपास.

आता तो ७,३०० हेक्टरचा आकडा आठवा. एवढ्या जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की त्याचं होतं सुमारे ७ कोटी ३० लाख लिटर पाणी. सांताक्रूझइतकाच पाऊस सगळ्या खोऱ्यात पडला असं धरलं, तर हिशोब जातो जवळपास ६,९०० कोटी लिटरवर. विहार तलाव काठोकाठ भरला की त्यात सुमारे २,७७० कोटी लिटर पाणी मावतं. म्हणजे एका दिवसात अडीच विहार तलाव १८ किलोमीटरच्या एका नदीत ओतले गेले.

हा ढोबळ हिशोब आहे, पण त्यावरून कल्पना येते. त्यात दुपारी चारच्या सुमाराला मोठी भरती होती. खाडीचं तोंड समुद्रानं भरलेलं, पसरायच्या जागेवर भराव, मधे काटकोनातली वळणं, पुलाखाली अडकलेला गाळ आणि कचरा. नदीनं मग मिळेल तिथं जागा घेतली. कुर्ला, कलिना, बीकेसी, विमानतळ, सगळं पाण्याखाली गेलं. लोकल बंद पडल्या, लाखो माणसं रात्रभर रस्त्यात अडकली. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. नंतरच्या आठवड्यांत लेप्टोसारख्या आजारांनी आणखी जीव घेतले.

इतका पाऊस पडला तर कुठलंही शहर बुडेल, असं तेव्हा म्हटलं गेलं. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण किती बुडेल आणि किती वेळ बुडून राहील, हे नदीला किती जागा उरली आहे यावर ठरतं.

त्यानंतर काय झालं?

ज्या नदीला लोक नाला म्हणायचे, ती नदी असल्याचं मुंबईला त्या दिवशी समजलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं मिठी नदी विकास आणि संरक्षण प्राधिकरण स्थापन केलं. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिनं २००६ मध्ये अहवाल दिला. नदीची वाटणी झाली. वरच्या सुमारे १२ किलोमीटरचं काम महापालिकेकडं, खालच्या ६ किलोमीटरचं एमएमआरडीएकडं.

पात्र रुंद आणि खोल केलं गेलं, काठावरची काही हजार बांधकामं हटवली, दोन्ही काठांवर भिंती बांधल्या. दरवर्षी गाळ काढायची कंत्राटं निघू लागली. त्या गाळाचंही पुढं प्रकरण झालं. गाळ काढल्याचं खोटं दाखवून सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याचा आरोप आहे आणि त्याबद्दल २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं गुन्हा नोंदवला.

सांडपाण्यासाठीही कामं चालू आहेत. सफेद पूल आणि बापट नाल्याचं घाण पाणी मिठीत न सोडता जमिनीखालच्या बोगद्यातून धारावीच्या प्रक्रिया केंद्रात न्यायचं काम हाती घेतलं गेलं. नदीला मिळणाऱ्या नाल्यांच्या तोंडाशी झडपा आणि पंप बसवायचीही योजना आहे. भरती असेल तेव्हा झडप बंद, आणि आतलं पाणी पंपानं उपसून बाहेर.

या सगळ्यानं काहीच फरक पडला नाही असं म्हणता येणार नाही. पण ऑगस्ट २०२५ च्या पावसातही मिठीची पातळी वाढली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधल्या रहिवाशांना हलवावं लागलं.

काठावरच्या भिंतींवरून तर अभ्यासकांमध्ये वादच आहे. भिंतीमुळं पाणी बाहेर येत नाही, वस्ती वाचते, अशी एक बाजू. भिंतीमुळं नदीची पसरायची उरलीसुरली जागाही तुटते, आणि वस्तीत पडलेलं पावसाचं पाणी नदीत उतरू शकत नाही, अशी दुसरी.

आणि पुन्हा परळ

झडपा, पंप, भिंती. हे शब्द परळकरांना नवे नाहीत.

१९८५ च्या पुरानंतर मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांचा अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल आला. जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबानं बांधलेल्या. ती क्षमता ५० वर न्यायची आणि समुद्राच्या तोंडाशी मोठी उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसून समुद्रात टाकणारी पंपघरं, उभारायची असं ठरलं. या कामाला खरा वेग आला तो २००५ नंतर. हाजी अली, वरळीला लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड, रे रोडला ब्रिटानिया अशी केंद्रं झाली. हिंदमाताचं पाणी काढण्यात ब्रिटानिया केंद्राचा मोठा वाटा असेल, अशी अपेक्षा होती.

पाणी तरीही तुंबत राहिलं. मग २०२१ पासून वेगळा उपाय सुरू झाला. परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली मोठाल्या टाक्या बांधल्या गेल्या. पाऊस आणि भरती एकत्र आली की हिंदमाताचं पाणी पंपानं या टाक्यांत साठवायचं आणि भरती ओसरली की समुद्रात सोडायचं.

नीट बघितलं तर ही टाकी काय आहे? पाण्याला पाच-सहा तास थांबायची जागा. जे काम कधीकाळी बेटांमधली खाजणं फुकट करायची, तेच काम आता जमिनीखाली काँक्रीट ओतून, वीज जाळून, कोट्यवधी रुपये खर्चून करावं लागतं. आणि टाकीला मर्यादा असते. ती भरली आणि पाऊस थांबला नाही, तर पाणी पुन्हा चौकात येतं.

परळला आता दुसरा इलाज उरलेला नाही. अडीचशे वर्षांपूर्वी बुजवायला सुरुवात झालेल्या खाडीवर आज माणसं राहतात, रुग्णालयं आहेत, रेल्वे आहे. ती उकरून कुणी परत समुद्राला देणार नाही. पंप आणि टाक्या हेच परळचं पुढचं आयुष्य आहे, आणि ते नीट चालू ठेवणं गरजेचंच आहे.

मिठीचं तसं नाही. माहीमच्या खाडीत, धारावीच्या बाजूला, बीकेसीच्या कडेला खारफुटीचे पट्टे अजून शिल्लक आहेत. भरतीचं पाणी अजून तिथं पसरतं. माहीम आणि धारावीच्या कोळीवाड्यांनी ही खाडी मासळीनं भरलेली बघितली आहे. तिथं पुढच्या वेळी भराव टाकायचा, रस्ता काढायचा किंवा भिंत बांधायची असा प्रस्ताव येईल, तेव्हा त्याच्या खर्चात एक रक्कम सहसा धरलेली नसते. गेलेली जागा पंपानं आणि टाकीनं भरून काढायची रक्कम. आणि ती एकदा भरून भागत नाही, दर पावसाळ्याला भरावी लागते. हिंदमाताला ती आजही भरली जातेय.